सहावी खाच

आमच्या कारखान्यात त्यांना सगळे 'कशाक' म्हणायचे. तोंडावर अर्थातच नाही. तोंडावर ते मिस्त्री होते, माझ्यासारख्या पोरीसोरींचे काका होते. पण पाठ वळली की कशाक. कारण टूल स्टोअरच्या जाळीच्या खिडकीशी जाऊन तुम्ही पाना मागा, करवत मागा, नाहीतर हात पुसायला नुसती चिंधी मागा, आतून अस्सल मालवणीत पहिला शब्द यायचा तो हाच.

"कशाक?"

नियम खरं तर साधा होता. आपल्या नंबराचा पितळी बिल्ला द्यायचा, हत्यार न्यायचं, काम झालं की हत्यार परत करून बिल्ला सोडवायचा. ह्यांनी त्यात स्वतःचं एक कलम घुसवलं होतं. कामाची नीट फोड करून सांगितल्याशिवाय हत्यार मिळायचं नाही, आणि सांगितल्यावर तुम्ही मागितलेलंच मिळेल याची खात्री नव्हती. फिटर लोक वैतागायचे, शिव्या घालायचे, पण घातलेल्या शिव्या गिळून पुन्हा त्याच खिडकीशी यायचे, कारण त्यांनी बदलून दिलेलं हत्यार नेमकं बसायचं.

एकदा मॅनेजरसाहेबांनी शिपायाला हातोडी आणायला पिटाळलं. शिपाई रिकाम्या हाताने परत. "ते विचारतायत, कशाला?" साहेब म्हणाले, "कॅलेंडर लावायचंय म्हणून सांग." शिपाई पुन्हा गेला, पुन्हा रिकामाच आला. निरोप असा होता की साहेबांच्या खुर्चीमागे, पंख्याच्या बटणाखाली एक खिळा आधीच आहे, तोच वापरावा. साहेबांनी वळून बघितलं. खिळा होता. चार वर्षं त्या खोलीत बसून साहेबांना तो दिसला नव्हता, आणि ह्यांनी कधीतरी सहीसाठी गेल्यावर पाहून ठेवला होता.

हा कारखाना कांजूरमार्ग आणि भांडुपच्या मधे होता. ऐंशी सालानंतरची दोनतीन वर्षं गेली असतील. मी ड्रॉईंग ऑफिसात ट्रेसर होते, म्हणजे मोठ्या लोकांनी पेन्सिलीने काढलेली ड्रॉईंग शाईने गिरवायची. वय तेवीस, अक्षर सुरेख, तोंड फटकळ. शेवटच्या गोष्टीमुळे आई माझ्या लग्नाची काळजी करायची आणि पहिल्या दोन गोष्टी बघायला आलेल्यांना ऐकवायची.

मला त्या माणसाचं भारी कुतूहल वाटायचं. एक तर ते स्वतःच कुतूहलाचा गोळा होते. कटिंग चहाच्या ग्लासाला उभ्या रेघा का असतात, हे त्यांनी कँटीनवाल्याला विचारलं. त्याला सांगता येईना, तर दोन दिवस एक रेघांचा आणि एक गुळगुळीत असे दोन ग्लास समोर ठेवून ते आलटून पालटून चहा पीत बसले. तिसऱ्या दिवशी निकाल जाहीर झाला. "रेघांक बोट टेकता, काचेक सगळा हात टेकता. म्हणान भाजता." ही बातमी त्यांनी मला इतक्या आनंदाने सांगितली, की मला वाटलं ह्यांना नात झाली.

दुसरं म्हणजे त्यांचं चालणं. स्टोअर आणि कँटीन यांच्यामधे टूलरूम, म्हणजे साचे आणि हत्यारं घडवायची खोली होती. सगळे टूलरूममधूनच आरपार जायचे, अर्ध्या मिनिटात कँटीन. हे मात्र स्टोअरच्या मागच्या दाराने बाहेर पडायचे, भंगाराच्या ढिगाला वळसा घालायचे, ओतशाळेच्या भिंतीकडून जायचे आणि कँटीनमधे मागच्या बाजूने शिरायचे. भर जुलैमधे धोतरासारखी पँट वर दुमडून, डोक्यावर गोणपाट घेऊन. मी एकदा विचारलं, "काका, सरळ का जात नाही?" जगाला कशाक विचारणाऱ्या माणसाने त्यावर नुसतं गोणपाट झटकलं आणि वाट धरली.

माझ्याकडे एक गिटार होती. मुलुंडला आमच्या शेजारी एक नर्सबाई राहायच्या, त्या आखातात नोकरीला गेल्या तेव्हा मी त्यांच्याकडून ती जुनी घेतली होती आणि दर शनिवारी घाटकोपरला एका सरांकडे शिकायला जायचे. दिवाळीच्या साफसफाईत आईने ती कपाटावरून उतरवून भिंतीला टेकवली आणि ती घसरून खुंट्यांच्या बाजूने जमिनीवर आपटली. गिटारच्या मानेच्या वरच्या टोकाला, खुंट्यांच्या अलीकडे, एक बोटभर लांबीची पांढरी पट्टी असते. तिच्यात सहा खाचा असतात आणि तारा त्या खाचांतून मानेवर उतरतात. त्या पट्टीचा तुकडा उडाला. इंग्रजीत तिला नट म्हणतात, पण कारखान्यात नट बोल्टाला लागतो, म्हणून आम्ही तिला पट्टीच म्हणायचो. आई म्हणाली, "एवढुसा तर तुकडा, गोंद लाव." दुकानदार म्हणाला, पट्टी सुटी मिळत नाही. सर म्हणाले, नवी गिटार घे. मी म्हटलं, आपल्या कारखान्यात एवढी हत्यारं आहेत, एक बारीक कानस आणू आणि आपणच करू.

"कशाक?" जाळीतून आवाज आला.

मी सांगितलं. सांगता सांगता खिडकीच्या फळीवर पेन्सिलीने चित्रही काढलं. त्यांनी ते बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "तारेचो आवाज बदलता तो कसो?"

"बोटाने दाबलं की तार आखूड होते ना. मानेवर धातूचे पडदे असतात, बोट दाबलं की तार पडद्यावर टेकते."

"आणि दाबूक नाय तर?"

"तर ती ह्या पट्टीवर टेकलेली असते."

"म्हणजे ह्यो पयलो पडदो. नुसतो खाचांचो." आणि मग त्यांनी मला कानस दिलीच नाही. म्हणाले, "घेवन ये ता तुझा वाद्य."

दुसऱ्या दिवशी गेटवर वॉचमनने मला अडवलं. आत येतानाच नोंद केली नाही तर संध्याकाळी तो ती बाहेर नेऊ देणार नव्हता. त्याने वहीत लिहिलं, लाकडी वाद्य, नग एक, तुटके.

जेवणाच्या सुट्टीत मी गिटार त्यांच्या फळीवर ठेवली. ते तिच्याभोवती फिरले, भोकातून आत वाकून बघितलं, खुंट्या मोजल्या, पण हात लावला नाही. दोन्ही हात पाठीमागे, एकाने दुसऱ्याचं मनगट धरलेलं. जे करायचं ते मला सांगायचे. "तुटको तुकडो पॉलिश पेपरवर घास." मी घासला. ते वाकले आणि वास घेतला. मीही घेतला. दाताच्या डॉक्टरकडे दाढ कोरताना येतो तोच वास. "हाड आसा," ते म्हणाले. "हाड घेवन ये. मग बघूया."

त्या रविवारी मी आईला मटणाची नळी आणायला लावली. आईने रस्सा केला, आम्ही ओरपला, आणि मी त्यातली सगळ्यात जाड नळी धुऊन सोमवारी कागदात बांधून नेली. त्यांनी कागद उघडून बघितलं. नळी हळदीने पिवळीजर्द झाली होती.

"कुकरात लावलंस?"

"हो. सहा शिट्ट्या."

"रस्सो बरो झालो?"

"झकास झाला."

"मग झाला तर. हाडातला होता नव्हता ता तुमच्या पोटात गेला." त्यांनी नळीची कड बोटाने दाबली, ती खडूसारखी भुगा होऊन पडली. मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांना हसताना बघितलं, आणि ते हसणं माझ्यावर होतं तरी मला राग आला नाही. पुढच्या आठवड्यात त्यांनी स्वतःच एका जुन्या छत्रीची मूठ आणून ठेवली. कुर्ल्याच्या भंगारबाजारात मिळाली म्हणाले. पिवळसर, जड, टणक हाड. ह्यासाठी ते कुठे कुठे फिरले असतील ते मी विचारलं नाही, विचारलं असतं तरी सांगितलं नसतं.

मूठ कापायची तर पकडायला वाइस हवी. म्हणाले, "टूलरूममधसून तू घेवन ये. माझा नाव नको सांगू." टूलरूमच्या फोरमनने मात्र लगेच ओळखलं.

"कोणासाठी नेतेस? कशाकसाठी?"

"मला हवीय."

"अगं, खोटं कशाला बोलतेस? ये, बस." आणि त्याने मला वाइस देता देता ती गोष्ट सांगितली. दोन वर्षांपूर्वीपर्यंत हे ह्याच टूलरूमचे सगळ्यात मोठे कारागीर होते. एक डाय होती. पत्रा दाबून आकार देणारा तो पोलादी साचा, चार माणसांची पाच महिन्यांची मेहनत. शेवटचा हात मारायला ह्यांच्याकडे दिली, कारण दुसऱ्या कोणाकडे द्यायची हिंमत नव्हती. आणि ह्यांनी कानशीचा एक घास जास्त मारला. "पोलादाचं कसं असतं, काढलेलं परत लावता येत नाही. डाय गेली यार. कोणी एक शब्द बोललं नाही त्यांना, आई शपथ. साहेबसुद्धा म्हणाले, होतं असं. पण हा माणूस कानस ठेवून उठला, हात धुतले आणि स्टोअरमधे बदली मागितली. त्या दिवसापासून कानस हातात धरली नाही. टूलरूममधे पाय नाही टाकला. वर्षभराने रिटायर होतील. त्यांचा बेंच मी अजून कोणाला दिला नाहीये, पण किती दिवस ठेवू? वरून विचारतात."

मी वाइस घेऊन परत आले. भंगाराच्या ढिगाला घातलेला वळसा आता मला कळला होता. तो माणूस हत्यारांच्या गराड्यात बसून दिवसभर दुसऱ्यांना विचारत होता की तुम्ही काय बनवताय, आणि स्वतः काही बनवत नव्हता. मला फार वाईट वाटलं. आणि माझ्या स्वभावाप्रमाणे थोड्या वेळाने वाईट वाटण्याचा राग यायला लागला.

पट्टी करायला आम्हाला जेवणाच्या नऊ सुट्ट्या लागल्या. करणारी मी, सांगणारे ते. कानशीला आधी खडू चोळायचा, म्हणजे भुसा दातांत अडकत नाही. कानस पुढे जाताना कापते, मागे येताना उचलायची. पट्टी गिटारच्या मानेत बसवताना मी हातोडी मागितली, तर त्यांनी 'कशाक' न विचारता सरळ नाहीच म्हटलं. "हातोडीन बसता ता काम नाय, ता भांडण. अंगठ्यान बसाक होया." अंगठ्याने बसेपर्यंत मी ती काचेवरच्या पॉलिश पेपरवर घासली. बोटांची सालं गेली.

खाचांसाठी मी रीतसर ड्रॉईंग करून नेलं. सहा खाचा, मध्यापासून मध्यापर्यंत समान अंतर, बाण, आकडे, खाली माझी सही. ते म्हणाले, "मध्य कशाक?"

"म्हणजे? समान अंतर नको?"

"होया. पण मध्याचा कशाक? ही तार जाडी, ही बारीक. मध्य सारखे ठेवलंस तर जाड्या तारांमधलो गाळो लहान होतलो. बोटाक काय लागता? मध्य लागता की गाळो लागता?"

मी बोट ठेवून बघितलं. गाळाच लागत होता. त्या माणसाने जन्मात गिटारला बोट लावलं नव्हतं, आणि मी वर्षभर वाजवत होते. मी ड्रॉईंग फाडलं आणि दुसरं केलं, गाळे समान ठेवून.

जाड तारांच्या खाचा साध्या बारीक कानशीने झाल्या. बारीक तारांसाठी त्यांनी गॅस कटिंगच्या नोझलची भोकं साफ करायच्या तारा काढून दिल्या. सुईसारख्या गोल, अंगावर कानशीचे दात, म्हणजे सुईएवढ्या कानशीच. खोली मोजायची युक्तीही त्यांनीच शोधली. तार तिसऱ्या पडद्यावर दाबायची आणि पहिल्या पडद्यावर किती फट उरते ते बघायचं. ट्रेसिंग पेपरची चिंधी जेमतेम सरकली पाहिजे. जास्त फट राहिली तर तार बोटाला कडक लागते, आणि खाच जास्त खोल गेली तर तार पडद्याला घासून झर्र करते. मग संपलं. हाडाचंही पोलादासारखंच, काढलेलं परत लावता येत नाही.

पाच खाचा माझ्या हातून बऱ्या झाल्या. सहावी उरली, सगळ्यात बारीक तारेची. तिथे माझा हात अडला. फट जास्त होती हे दिसत होतं, पण आणखी किती घासायचं ते कळत नव्हतं.

"काका, ही तुम्ही करा."

"नाय."

"एकच तर आहे."

"मी करूचंय नाय. तू कर."

"मला नाही जमणार. माझी वाट लागेल."

"लागूंदे."

हे 'लागूंदे' मला झोंबलं. मी म्हटलं, "ठीक आहे, लावते वाट," आणि ती बारीक कानस खाचेत घालून खसाखस पुढेमागे ओढायला लागले. वाकडीतिकडी, खडू न लावता, मागे येताना न उचलता. अर्धी रागाने आणि अर्धी मुद्दाम. तिसऱ्या घासाला त्यांचा हात पाठीमागून सुटला आणि माझ्या मनगटावर आला. "काय करतंस गो! सोड. सोड ती."

कानस त्यांच्या हातात होती. त्यांनाही ते उशिरा कळलं असावं. त्यांनी तिला खडू लावला, वाकले, आणि एक घास मारला. माझ्या घासांचा आवाज खरखरीत होता, त्यांचा कापड फाडल्यासारखा सलग. चिंधी सरकवून बघितली. दुसरा घास. चिंधी. तिसरा. मी मनातल्या मनात पेढे वाटत होते. चौथा घास मारून त्यांनी तार बसवली, खुंटी पिळली, आणि मला खुणेने सांगितलं, वाजव.

तार झर्र वाजली.

पुन्हा छेडली, पुन्हा तेच. माझ्या आधीच्या खसाखशीने खाच कुठे किती गेली होती देव जाणे, पण शेवटचा घास त्यांचा होता. त्यांनी कानस फळीवर ठेवली. चेहरा मातीसारखा झाला. "गेली," ते म्हणाले, आणि हात पुन्हा पाठीमागे गेले.

मला रडू आलं. हे सगळं मी ओढवून आणलं होतं. दोन वर्षांनी माणसाने कानस धरली आणि माझ्या आगाऊपणामुळे नेमकं तेच झालं. पण मला रडता रडता गप्प बसता येत नाही. मी ओरडलेच.

"गेली म्हणजे किती गेली?"

"किती म्हणजे?"

"म्हणजे आकडा! ड्रॉईंगवर 'गेली' असं लिहू का मी? मोजा ना!"

ते हळूच मागे वळले, कपाटातून पातळ पोलादी पात्यांचा तो जुडगा काढला ज्याने फट मोजतात, आणि एकेक पातं खाचेत तारेखाली सरकवून कोणत्या पात्याला झर्र थांबतं ते बघायला लागले. कारखान्यात इंचाचे हजार भाग करतात, त्यातल्या एकाला थाऊ म्हणतात. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "चार थाऊ."

"चारच?"

"चार." आवाज बदलला होता. चहाच्या ग्लासांचा निकाल सांगितला होता तसा झाला होता. "म्हणजे खालसून चार थाऊ उचलला तर..." आणि ते पितळेची पत्री शोधायला लागले. केसापेक्षा जरा जाड असा पत्र्याचा तुकडा त्यांनी माझ्या कात्रीने कापला, पट्टी काढली, बारीक तारेच्या टोकाला तो खाली सरकवला, पट्टी अंगठ्याने दाबून बसवली. त्यामुळे शेजारची तार जरा वर आली, तर तिला कानशीचा एक घास मारला. विचारसुद्धा न करता मारला.

मी तार छेडली. स्वच्छ वाजली.

ते पुन्हापुन्हा ऐकत राहिले. मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "त्या डायची किती गेली ता मी बघूकच नाय. घास लागलो, हाताक कळला, आणि कानस ठेवन थेट हंयसर इलंय." फोरमनने मला सांगितलं होतं हे त्यांना ठाऊक असावं.

दुसऱ्या दिवशी स्टोअरच्या खिडकीशी मदतनीस बसला होता. कोणी काही मागितलं की बिचारा निमूट देऊन टाकत होता. तिसऱ्या दिवशीही तोच. मला वाटलं, आजारी पडले, आणि मी घाबरले. चौकशीला टूलरूमपर्यंत जायचीसुद्धा माझी छाती झाली नाही.

चौथ्या दिवशी सकाळी ड्रॉईंग ऑफिसच्या दारात ते उभे होते. दोन जिने चढून धाप लागली होती. ह्या कारखान्यातल्या त्यांच्या बारा वर्षांत ते कधी वर आले नव्हते, त्यामुळे सगळ्यांनी माना वर केल्या. ते सरळ माझ्या टेबलाशी आले.

"मोजलंय."

"डाय? ती अजून आहे?"

"फोरमनान भंगारात जावक देवक नाय. बेंचाखाली ठेवल्यान होती."

"मग? किती?"

"अकरा थाऊ."

मी हिशेब केला. अकरा थाऊ फार होते. "म्हणजे..."

"म्हणजे ती गेलीच होती. कोणाच्या बापाशीकय वाचवूक जमला नसता." हे त्यांनी इतक्या मोकळ्या चेहऱ्याने सांगितलं, की मला पुन्हा भरून आलं. मग ते माझ्या टेबलावरच्या गुंडाळ्यांकडे बघायला लागले. "फोरमनान बेंच पुसून दिल्यान. आता काम होया. एक ड्रॉईंग दी."

मी वरची गुंडाळी उचलली. साधी चौकोनी पट्टी होती, चार भोकांची. त्यांनी ती अर्धी उलगडून बघितली आणि माझ्या हातात परत ठेवली.

"ह्यां नको गो. अवघड आसात ता दी."